शनिवारची सकाळ आणि दुपारचे हात

पत्र : “मी ४४ वर्षांची असून पाटण तालुक्यातील एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. तीन वर्षांपूर्वी मला आमवाताचे, म्हणजे रुमॅटॉइड आर्थरायटिसचे निदान झाले. सकाळी साडेपाचला उठते तेव्हा दोन्ही हातांची बोटे धरलेली असतात. मूठ वळत नाही, दुधाची पिशवी कापता येत नाही, भाकरी थापणे तर दूरच. साडेआठ-नऊनंतर हात हळूहळू सुटतात आणि दुपारी मी फळ्यावर सहज लिहिते. आमची शाळा सोमवार ते शुक्रवार साडेदहाची आणि शनिवारी सकाळची, साडेसातची असते. शनिवारी मला हटकून उशीर होतो. मुख्याध्यापक सर्वांसमोर म्हणाले, ‘मॅडम, तुमचा आजार शनिवारचाच कसा हो?’ घरी सासूबाई म्हणतात, ‘भाकरीच्या वेळेला हात दुखतात आणि शाळेत खडू बरा धरता येतो.’ त्यांना स्वतःला दमा आहे. पहाटे धाप लागते तेव्हा मीच उठून त्यांना बसते करते. यजमान काही बोलत नाहीत, पण त्यांच्याही मनात शंका असावी. डॉक्टर कराडला असतात. एसटीने जाऊन नंबर लागेपर्यंत एक-दीड वाजतो, तोवर हात मोकळे झालेले असतात आणि ते ‘छान आहे, चालू ठेवा’ म्हणतात. शुक्रवारी रात्री मी मेथोट्रेक्सेट या आमवातावरच्या औषधाचा आठवड्याचा डोस घेते आणि रोज सकाळी नाश्त्यानंतर प्रेडनिसोलोनची लहान गोळी घेते. शिक्षकांच्या गटात एक संदेश आला आहे की सांधेदुखीची औषधे रात्री दोन वाजता घेतली तर दुप्पट लागू पडतात. घेऊ का? आणि खरे सांगा, हा माझ्या मनाचा खेळ तर नाही ना? दुपारी मलाच वाटते की सकाळी मी उगाच कण्हत होते.”

प्रिय ताई,

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण बाकीचे सर्व प्रश्न त्याच्यावरच उभे आहेत. हा मनाचा खेळ नाही. तुम्ही पत्रात वेळा लिहिल्या आहेत, साडेपाचला बोटे धरलेली आणि साडेआठ-नऊला सुटलेली, आणि संधिवाताचे रुग्ण तपासण्यात ज्या माणसाची वर्षे गेली आहेत त्याला या दोन वेळा वाचूनच पुष्कळसे कळते. अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने १९८७ मध्ये या आजाराच्या वर्गीकरणासाठी सात निकष ठरवले होते. त्यांतला पहिलाच निकष असा होता की सकाळी सांधे आखडलेले असावेत, ते जास्तीत जास्त मोकळे होण्यास किमान एक तास लागावा आणि असे किमान सहा आठवडे चाललेले असावे. २०१० च्या नव्या निकषांत ही अट राहिली नाही, तरी दवाखान्यात आजही आम्ही नव्या रुग्णाला विचारतो तो पहिला प्रश्न हाच असतो की सकाळी उठल्यावर अंग मोकळे व्हायला किती वेळ लागतो. म्हणजे तुमच्या घरात आणि शाळेत ज्या गोष्टीमुळे तुमच्यावर शंका घेतली जाते, तीच गोष्ट आम्हाला तुमच्या आजाराची खूण म्हणून ठाऊक आहे.

असे का होते, हे सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते, कारण एकदा कारण कळले की दुपारी स्वतःवर संशय घेणे सुटते. आपल्या मेंदूत, डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या अगदी वरच्या बाजूला, सुमारे २०,००० पेशींचा एक छोटासा पुंजका असतो. उजेड आणि अंधार यांच्याशी जुळवून घेत तो सर्व शरीराला वेळ सांगत राहतो. पेशींमधले हे घड्याळ कोणत्या जनुकांवर चालते, हे फळमाश्यांवर अनेक वर्षे काम करून शोधून काढणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या घड्याळाच्या सांगण्यावरून मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल नावाचे संप्रेरक कमी-अधिक प्रमाणात सोडत असतात. मध्यरात्रीच्या सुमारास ते रक्तात सर्वांत कमी असते, पहाटेपासून वाढू लागते आणि सकाळी सहा ते आठच्या दरम्यान शिखर गाठते. कॉर्टिसॉल हे सूज आवरणारे आपल्या शरीरातले स्वतःचे औषध आहे. तुम्ही घेता ती प्रेडनिसोलोनची गोळी त्याचीच प्रयोगशाळेत बनवलेली चुलत बहीण आहे. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेन्च यांनी १९४८ मध्ये आमवाताने अंथरुणाला खिळलेल्या एका तरुण स्त्रीला याच कुळातले कॉर्टिसोन दिले आणि ती काही दिवसांतच चालू लागली. त्या कामाला १९५० मध्ये नोबेल मिळाले. सूज आणि हे संप्रेरक यांचे नाते किती जवळचे आहे, ते त्या घटनेने प्रथम जगासमोर आले.

आता रात्रीचे चित्र पाहा. कॉर्टिसॉल ओसरलेले असते आणि त्याच वेळी, मध्यरात्रीनंतर, शरीराची संरक्षणयंत्रणा अधिक जागी होते. निरोगी माणसातही असेच होते, पण आमवातात ही यंत्रणा स्वतःच्याच सांध्यांवर उलटलेली असल्याने तिची रात्रपाळी सांध्यांना भोवते. सूज वाढवणाऱ्या इंटरल्युकिन-६ या द्रव्याचे रक्तातील प्रमाण आमवाताच्या रुग्णांमध्ये पहाटे चढत जाते आणि ते विझवायला निघालेले कॉर्टिसॉल त्या मानाने अपुरे पडते. त्यातच रात्रभर हातपाय हललेले नसतात, त्यामुळे सांध्यांभोवती पाझरलेले पाणी जागच्या जागी साचून राहते. सकाळी अंगठी रुतते, बांगडी वर सरकत नाही, ती याचमुळे. मग तुम्ही उठता, हालचाल करता, कॉर्टिसॉल आपले काम करू लागते, नाश्त्यानंतरची गोळी त्याच्या मदतीला येते, साचलेले पाणी हळूहळू ओसरते आणि दहा-अकराच्या सुमारास तीच बोटे खडू धरतात. हे केवळ रुग्णांच्या सांगण्यावर अवलंबून राहिलेले नाही. आमवाताच्या रुग्णांच्या मुठीची ताकद दिवसातून अनेक वेळा यंत्राने मोजली गेली, बोटांच्या सांध्यांचा घेर मोजला गेला, आणि पहाटे व सकाळी पकड कमी तर सांधे जाड असल्याचे आढळले. सांध्याचा घेर कोणालाही ठरवून वाढवता येत नाही.

तुमच्या पत्रातील डॉक्टरांवर मी रागावू शकत नाही, कारण हीच चूक मी स्वतः केली आहे. व्यवसायाच्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्याकडे एक बाई दूरच्या गावाहून यायच्या. दुपारी एकच्या पुढे त्या माझ्यासमोर बसत, मी त्यांची बोटे दाबून पाहत असे, सूज थोडीशीच असे, आणि मी कागदावर ‘समाधानकारक’ असे लिहून जुनीच औषधे पुढे चालू ठेवत असे. जवळजवळ वर्षभर हे चालले. एकदा त्या शहरात बहिणीकडे मुक्कामी होत्या म्हणून सकाळी आठलाच आल्या. फाइल पुढे करताना त्यांनी ती बोटांनी धरली नव्हती, दोन्ही मनगटांच्या मध्ये दाबून धरली होती, आणि ब्लाउजची वरची दोन हुके तशीच उघडी राहिल्याने त्यांनी पदर गळ्यापर्यंत ओढून घेतला होता. मी हात पुढे करून “माझी दोन बोटे घट्ट धरा” म्हटले, तर त्यांची बोटे माझ्या बोटांवर नुसती टेकली. त्या दिवशी मी त्यांची औषधे बदलली. वर्षभर ज्या सांध्यांमध्ये आग धुमसत होती ते सांधे त्या वर्षभरात काही प्रमाणात झिजले होते, आणि ती झीज भरून येत नाही. त्या बाईंनी मला एका शब्दानेही दोष दिला नाही, पण तेव्हापासून दुपारी येणाऱ्या प्रत्येक रुग्णाला मी विचारते, “आज सकाळी साडेसहाला तुम्हाला काय करता येत नव्हते?”

म्हणूनच, तुमच्या प्रश्नाकडे केवळ घरच्यांचा गैरसमज म्हणून पाहू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. तीन वर्षे उपचार चालू असताना रोज सकाळी तीन-तीन तास सांधे धरून राहणे याचा अर्थ, बहुतेक वेळा, आजार अद्याप पुरता आटोक्यात आलेला नाही असा होतो. उपचार नीट लागू पडतात तेव्हा हा वेळ कमी होत जातो. पुष्कळांचा तो काही मिनिटांवर येतो आणि काहींचा तर नाहीसाच होतो. सकाळचे हे तीन तास सोसण्यासाठी नाहीत. ते मोजून डॉक्टरांना सांगण्यासाठी आहेत.

ते सांगण्याची रीत अशी ठेवा. एक लहान वही घ्या, शाळेतली चाळीस पानी चालेल, आणि सलग दोन आठवडे तीत रोज दोन वेळा लिहा : जाग कधी आली आणि दोन्ही मुठी पूर्ण कधी वळल्या. या दोन वेळांमधले अंतर मिनिटांत लिहा, कारण “बराच वेळ दुखते” हे वाक्य डॉक्टरांच्या कानांवरून दिवसातून पन्नास वेळा जाते, पण “या आठवड्यात सरासरी १७० मिनिटे” हे जात नाही. त्याशिवाय उठल्यावर, दहा वाजता, दुपारी चारला आणि झोपताना अशा चार वेळा दुखण्याला शून्य ते दहा यांपैकी एक आकडा द्या. त्या दिवशी सकाळी न जमलेले एखादे काम एका ओळीत टिपा, जसे दुधाची पिशवी, नळाची तोटी, वेणीचा पेड. दोन-तीन दिवस तरी उठल्या उठल्या मूठ वळण्याचा प्रयत्न करतानाचा फोटो मुलाकडून किंवा यजमानांकडून काढून घ्या आणि तसाच फोटो दुपारीही काढा. हे फोटो यजमानांनीच काढावेत असे मी मुद्दाम सुचवते. शंकेने गप्प बसलेल्या माणसाला पुष्कळदा युक्तिवाद नको असतो, त्याला स्वतःच्या डोळ्यांनी पाहायला मिळाले की पुरते, आणि सकाळी साडेपाचला ते बहुधा झोपलेले असतात.

आता औषधांविषयी, आणि इथे मला तुमच्या पत्रातील एक ओळ फार महत्त्वाची वाटली. तुम्ही मेथोट्रेक्सेट शुक्रवारी रात्री घेता. हे औषध घेतल्यानंतरच्या दिवशी अनेकांना मळमळते, तोंडाला चव राहत नाही, डोके जड होते आणि अंगातले त्राण गेल्यासारखे वाटते. म्हणजे आठवड्यातल्या ज्या एका दिवशी तुम्हाला सकाळी साडेसातला वर्गात उभे राहायचे असते, त्याच दिवशी तुमच्या नेहमीच्या आखडलेल्या सकाळवर ही मरगळ येऊन बसत असावी. मुख्याध्यापकांनी टोचून विचारलेल्या प्रश्नाला, त्यांना कल्पना नसताना, एक खरे वैद्यकीय उत्तर आहे ते असे : आजार शनिवारचा नाही, शाळेची वेळ शनिवारची आहे आणि आदल्या रात्री घेतलेल्या औषधाचा परिणामही शनिवारचाच आहे. तुमच्या डॉक्टरांना विचारून हा डोस शनिवारी रात्रीवर नेता येईल का ते पाहा. नेमके कसे सरकवायचे, हे त्यांच्याकडूनच ठरवून घ्या. मात्र एक गोष्ट घरातल्या सर्वांना सांगून ठेवा आणि औषधाच्या डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा : हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते, रोज नाही. ते चुकून रोज घेतले गेल्याने जीव गेल्याची उदाहरणे आहेत. तोंडात फोड आले, ताप आला, कोरडा खोकला किंवा नवी धाप सुरू झाली, तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता लगेच कळवा.

गटावर आलेल्या संदेशात सत्याचा एक कण आहे, म्हणूनच तो धोक्याचा आहे. १९९७ मध्ये आमवाताच्या २६ रुग्णांवर एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्यात प्रेडनिसोलोनचा अगदी लहान डोस काहींना रात्री दोन वाजता आणि काहींना सकाळी साडेसातला दिला गेला, आणि दोन वाजता घेणाऱ्यांचा सकाळचा ताठरपणा व वेदना अधिक कमी झाल्या, त्यांच्या रक्तातील इंटरल्युकिन-६ देखील उतरले. कारण उघड आहे. सूज चढण्यापूर्वीच औषध तिथे पोहोचलेले होते. पण रोज रात्री दोनला गजर लावून उठणारा माणूस झोपेला मुकतो, आणि अपुऱ्या झोपेने वेदना आणखी वाढतात. म्हणून पुढे अशी गोळी तयार करण्यात आली की जी रात्री दहाच्या सुमारास घ्यायची आणि जिच्यातले औषध सुमारे चार तासांनी, आपण झोपेत असताना, सुटावे. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २८८ रुग्णांच्या अभ्यासात बारा आठवड्यांनंतर अशी गोळी घेणाऱ्यांचा सकाळचा ताठरपणा सरासरी एक-पंचमांशाहून अधिक कमी झाला होता, तर तेच औषध साध्या गोळीच्या रूपात सकाळी घेणाऱ्यांमध्ये जवळजवळ काहीच फरक पडला नव्हता.

यातून तुम्ही काय घ्यावे? एक, औषधाची वेळ हा खरा आणि विचारण्याजोगा प्रश्न आहे, तेव्हा तो डॉक्टरांना जरूर विचारा. नाश्त्याला तुम्हाला साडेआठ-नऊ होत असतील तर गोळी उठल्याबरोबर दोन घास खाऊन घेता येईल का, एवढा साधा बदलही काही वेळा उपयोगी पडतो. दोन, साधी प्रेडनिसोलोनची गोळी आपल्या मनाने रात्रीवर नेऊ नका, कारण ती झोप उडवते आणि शरीराच्या स्वतःच्या कॉर्टिसॉलच्या लयीत ढवळाढवळ करते. ती एकाएकी बंद तर कधीच करू नका. तीन, एका आजाराच्या एका औषधाविषयी जे खरे ठरले ते सर्व औषधांना लागू होत नाही. रक्तदाबाच्या गोळ्या रात्री घेणे अधिक चांगले, असे कित्येक वर्षे सांगितले जात होते. ब्रिटनमध्ये २१,००० हून अधिक लोकांवर दीर्घकाळ केलेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि मृत्यू यांच्या बाबतीत सकाळी घेणे आणि रात्री घेणे यांत काहीच फरक आढळला नाही. ‘सांधेदुखीची औषधे दोन वाजता’ असे सरसकट सांगणाऱ्या संदेशाला हा विवेक नसतो, आणि तो वाचणाऱ्या एखाद्या शिक्षकाने मेथोट्रेक्सेट रोज रात्री दोनला घेतले तर काय होईल, या विचाराने मला खरोखर भीती वाटते. शक्य असेल तर हे त्या गटावर लिहा.

सासूबाईंकडे वळते. त्यांच्या वाक्याने तुम्हाला किती लागले आहे ते तुमच्या अक्षरांवरून कळते. तरीही तुमच्या घरात तुम्हाला सर्वांत लवकर समजून घेऊ शकेल अशी व्यक्ती त्याच आहेत असे मला वाटते, कारण त्यांचा दमादेखील याच घड्याळावर चालतो. रात्री कॉर्टिसॉल कमी झालेले असते, श्वासनलिकांची सूज वाढते, त्या आकसतात, आणि पहाटे चारच्या सुमारास त्या दिवसभरातल्या सर्वांत अरुंद अवस्थेत असतात. जॉन फ्लॉयर नावाच्या एका इंग्रज वैद्याने, जो स्वतः दमेकरी होता, १६९८ मध्येच मध्यरात्रीनंतर झोपेतून उठवणाऱ्या धापेचे वर्णन लिहून ठेवले आहे. आता आपल्या घरातली गोष्ट पाहा. पहाटे चारला ज्या सासूबाईंना उशीला टेकून बसावे लागते, त्याच दहा वाजता देवळात किंवा शेजारी जाऊन येत असतील, आणि “पहाटे धाप लागली होती ना, मग आता कशा चालता” असे त्यांना कोणी विचारत नाही, तुम्ही तर नाहीच नाही. हे त्यांना टोमणा म्हणून ऐकवू नका. एखाद्या निवांत दुपारी, त्यांच्याजवळ बसून, “आई, तुमची पहाट जशी अवघड असते तशी माझी सकाळ असते, डॉक्टर म्हणतात की दोन्हींचे कारण एकच आहे” एवढेच सांगा. ज्याने अंधारात श्वासासाठी झगडून उजाडण्याची वाट पाहिली आहे, त्याला हे वाक्य समजावून सांगावे लागत नाही.

आणि त्यांच्यासाठीही एक गोष्ट करा. दम्याच्या रुग्णाला रात्री किंवा पहाटे वारंवार धापेने जाग येणे, हे उपचार अपुरे असल्याचे लक्षण मानले जाते. त्या केवळ धाप लागल्यावर मोकळे करणारा पंप ओढत असतील, तर सूज कमी ठेवणारे, रोज ओढायचे औषध त्यांना सुरू करायला हवे आहे का, हे विचारून घ्या. पंप त्या कशा ओढतात, हेही डॉक्टरांसमोर एकदा करून दाखवू द्या, कारण पुष्कळांचे अर्धे औषध जिभेवरच राहते. कराडच्या एका फेरीत दोघींची कामे होऊ शकतील, आणि दोघींनी एका बाकावर नंबरची वाट पाहणे हेही काही वाईट औषध नाही.

मुख्याध्यापकांशी बोलताना आजाराचे वर्णन करू नका, कारण वर्णन ऐकणाऱ्याला तक्रारीसारखे वाटते. डॉक्टरांकडून प्रमाणपत्र घ्या आणि त्यात नेमके एक वाक्य घालण्याची विनंती करा : या रुग्णास आमवात असून सकाळच्या वेळी सांध्यांचा ताठरपणा हे त्या आजाराचे प्रमुख लक्षण आहे, दिवस चढेल तसा तो कमी होतो. ते पुढे ठेवून शनिवारपुरती अदलाबदल मागा. त्या दिवशीचा परिपाठ दुसऱ्या सहकाऱ्याने घ्यावा आणि त्याच्याऐवजी तुम्ही आठवड्यातील दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यानंतरचे एखादे काम, नोंदी भरणे असो की पोषण आहाराचा हिशेब असो, पूर्ण करावे. जे काम दुपारी तुम्ही इतरांइतकेच नीट करता ते अंगावर घेण्याची तयारी दाखवली की ‘सूट’ हा शब्दच बोलण्यातून निघून जातो. सर्वांसमोर केलेल्या टीकेचे उत्तर सर्वांसमोर द्यावेसे वाटेल, पण ते त्यांच्या खोलीत, कागद हातात घेऊन द्या.

घरातल्या सकाळीविषयी थोडक्यात लिहिते. अंथरुणात उठून बसण्यापूर्वी दहा मिनिटे बोटे, मनगटे, घोटे हळूहळू हलवा. दुखेपर्यंत ताणू नका. मग सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात दहा मिनिटे बुडवून तिथेच मूठ उघडमीट करा. रात्री झोपण्यापूर्वी डब्यांची झाकणे सैल करून ठेवा, भाजी चिरून ठेवा. तुमच्या संध्याकाळच्या हातांनी सकाळच्या हातांचे काम आधीच करून ठेवावे, एवढीच ही युक्ती आहे. दूध तापवणे आणि गॅस पेटवणे ही कामे यजमानांकडे द्या. उकळते भांडे धरलेल्या बोटांनी उतरवणे हे शौर्य नव्हे, त्यातून भाजते. आणि भाकरी सकाळीच व्हायला हव्यात असा नियम कोणी केला आहे? संध्याकाळी थापलेली भाकरी सकाळी दुधाबरोबर खाणारी घरे आपल्या भागात काही कमी नाहीत.

हे सदर वाचणाऱ्या इतरांसाठी इथेच थोडी भर घालते. प्रत्येक आजाराची वेळ निराळी असते आणि ती वेळच अनेकदा निदानाचा धागा देते. उतारवयातल्या गुडघ्यांच्या झिजेत सकाळचा ताठरपणा सहसा अर्ध्या तासाच्या आत जातो आणि दुखणे दिवसभराच्या वापरानंतर संध्याकाळी वाढते, म्हणजे या ताईंच्या नेमके उलट. पंचविशी-तिशीतल्या तरुणाला रात्रीच्या उत्तरार्धात कंबरदुखीने जाग येत असेल आणि विश्रांतीने नव्हे तर चालल्याने बरे वाटत असेल, तर तो मणक्यांचा दाहक आजार असू शकतो, केवळ ‘गादी बदला’ म्हणून भागत नाही. मधुमेहात रात्री काही न खाताही पहाटे साखर चढते, कारण उठण्याच्या तयारीत असलेले शरीर यकृतातून साखर सोडत असते. अशा रुग्णावर चोरून खाल्ल्याचा आरोप करण्याआधी हे लक्षात घ्यावे. स्मृतिभ्रंश झालेले वडील दिवसभर शांत असून तिन्हीसांजेला अस्वस्थ होत असतील, तर तोही हट्ट नाही. या सर्व घरांमध्ये तेच एक वाक्य ऐकू येते, “मघाशी तर बरे होते.” मघाशी बरे होते हे खरेच असते, आणि आत्ता नाही हेही तितकेच खरे असते.

तुम्ही लिहिले आहे की दुपारी तुम्हालाच वाटते की सकाळी उगाच कण्हत होते. हे वाचून मी थोडा वेळ थांबले. वेदना ओसरली की तिची नेमकी तीव्रता आठवणे कठीण जाते. बाळंतपणाच्या कळा असोत की दाढेची, दुखणे झाले होते हे आठवते, पण किती झाले होते ते अंगाला आठवत नाही. ही शरीराची एरवीची दया आहे, पण रोज दुपारी तीच तुमच्याविरुद्ध साक्ष द्यायला उभी राहते. तेव्हा दुपारी शंका आली की ती वही उघडा आणि त्या दिवशी सकाळी तुमच्याच वाकड्यातिकड्या अक्षरांत काय लिहिले आहे ते वाचा. फळ्यावरच्या तुमच्या अक्षराशी ते ताडून पाहा.

पुढच्या तपासणीला जाताना, जमल्यास आदल्या रात्री कराडमध्ये कोणा नातेवाइकांकडे मुक्काम करा आणि सकाळी पहिला नंबर लावा. डॉक्टरांचा दवाखाना उशिराच उघडत असेल तर वही आणि फोटो न्या. पण सकाळी भेट मिळाली तर त्या एका दिवशी हात गरम पाण्यात बुडवू नका, आणि सकाळची गोळी तपासणीनंतर घेतली तर चालेल का, ते आदल्या दिवशी फोन करून विचारून ठेवा. केस विंचरता आले नाहीत तर तसेच जा, पिशवी कोपरात अडकवून जा, आणि हात जसे असतील तसे त्यांच्यासमोर टेबलावर ठेवा.